तळी, खणी आणि पाणथळ जागांसाठी कर्जरोखे : सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही काही जण पाणथळ जागांबद्दल बोलायला लागलो तेव्हा लोक पक्ष्यांबद्दल विचारायचे. आता बहुतेक प्रश्न पैशाबद्दल येतात, आणि ते योग्यच आहे. खण, म्हणजे दगड-माती काढलेल्या जुन्या खड्ड्यात पाणी साचून झालेलं तळं, बुजते ती कुणाला पक्षी आवडत नाहीत म्हणून नव्हे. जागा ताब्यात घ्यायला वेळेवर पैसा नसतो, म्हणून बुजते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कर्जरोखे म्हणजे नेमकं काय? बँकेचं कर्ज आणि रोखे यात फरक काय?

रोखा म्हणजे कर्जाचा कागद. एका बँकेकडून सगळी रक्कम घेण्याऐवजी महापालिका तेच कर्ज ठरावीक रकमेच्या तुकड्यांत अनेकांकडून घेते. ज्याच्याकडे रोखा आहे त्याला ठरलेल्या तारखेला व्याज मिळतं आणि मुदत संपली की मुद्दल मिळतं. शेअर बाजारात नोंदवलेला रोखा मुदतीआधी दुसऱ्याला विकताही येतो. पर्यावरणाच्या ठरावीक कामांसाठीच पैसा वापरण्याचं बंधन स्वीकारून काढलेल्या रोख्यांना हरित रोखे म्हणतात.

'रोख्यांतून निधी मिळवा' असं अनेक जण लिहितात. निधी म्हटलं की अनुदान डोळ्यासमोर येतं. रोखे हे अनुदान नव्हे. ते फेडावे लागतात, आणि फेडतो तो शहरातला करदाता. पुढची सगळी उत्तरं हे गृहीत धरून वाचावीत.

२. आपल्या देशात नगरपालिका-महापालिका खरंच रोखे काढतात का?

काढतात. बंगळूरने १९९७ मध्ये सुरुवात केली. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१५ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले आणि पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी घेतले. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना पुरवण्यासाठी. इंदूरने २०२३ मध्ये सौरऊर्जा प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे थेट सामान्य गुंतवणूकदारांना विक्रीला ठेवले.

या उदाहरणांमध्ये पाणी आहे, सांडपाणी आहे, वीज आहे. पाणथळ जागा विकत घेण्यासाठी किंवा राखण्यासाठी काढलेले रोखे यांत नाहीत. त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

३. सांगली महापालिकेला रोखे काढता येतील? सातारा नगरपरिषदेला? आमच्या ग्रामपंचायतीला?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला कायद्याने येतात. साताऱ्याला महापालिका नसली तरी अडत नाही, कारण सेबीचे नियम राज्यघटनेच्या कलम २४३-क्यू खालच्या सगळ्या नागरी संस्थांना लागू आहेत. त्यात नगरपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका येतात. ग्रामपंचायत त्यात येत नाही. गावतळ्यासाठी रोख्यांची वाट नाही. त्यासाठी रोजगार हमी, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार, अमृत सरोवर अशा योजनाच बघाव्या लागतात.

येतात म्हणजे सहज येतात असं नाही. राज्य सरकारची मंजुरी लागते. हिशेब नीट ठेवलेले आणि तपासलेले हवेत. आधीच्या वर्षभरात कुठल्या कर्जाचा हप्ता थकलेला नको, मागच्या तीन वर्षांत देणी मालमत्तेपेक्षा जास्त झालेली नकोत, आणि पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत किती याची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी, करून घ्यावं लागतं. माझ्या मते या तयारीचाच शहराला सगळ्यात मोठा फायदा आहे. मालमत्ता कराची वसुली किती, थकबाकी किती, तलावांच्या जागा नक्की कुणाच्या नावावर, हे सगळं कागदावर येतं.

४. पण साताऱ्यासारख्या किंवा वाई, कराड, विट्यासारख्या लहान शहराला एवढा खटाटोप परवडेल का?

एकट्याला बहुधा नाही. पतमानांकन, विश्वस्त, वकील, बाजारातली नोंदणी यांचा खर्च रोखे ५ कोटींचे काढा की १०० कोटींचे, फारसा कमी होत नाही. यावरचा उपाय तमिळनाडूने २००२-०३ मध्ये दाखवला. तिथे डझनभर लहान शहरांच्या पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी राज्याच्या एका सामायिक निधीने मिळून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले. कृष्णाकाठच्या नगरपरिषदा याच पद्धतीने एकत्र येऊ शकतात. नदी एकच आहे. वाईचं सांडपाणी खाली साताऱ्याच्या हद्दीत, कराडचं सांगलीकडे येतं, तेव्हा कर्ज एकत्र घेण्यात गैर काय?

५. तळं काही कमाई करत नाही. मग परतफेड कशातून?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. पाणीयोजनेला पाणीपट्टी असते, सौर प्रकल्पाला वाचलेलं वीजबिल असतं. खणीला यातलं काहीच नाही. म्हणून तिच्यासाठीचे रोखे शहराच्या एकूण उत्पन्नावरच काढावे लागतात. मालमत्ता करासारख्या ठरलेल्या उत्पन्नाचा भाग आधी एका स्वतंत्र खात्यात जातो, त्यातून हप्ता बाजूला पडतो आणि उरलेला पैसा पालिकेच्या हातात येतो.

आकडे मांडून बघू. १० कोटी रुपये, ८ टक्के व्याज, १० वर्षं, दरवर्षी समान हप्ता. हप्ता येतो सुमारे १ कोटी ४९ लाख. दहा वर्षांत १४ कोटी ९० लाख फेडायचे, म्हणजे ४ कोटी ९० लाख व्याज. ही रक्कम लहान नाही. आता दुसरी बाजू बघा. आज १० कोटींना मिळणाऱ्या जागेचा भाव दहा वर्षांत दुप्पट झाला, तर थांबणाऱ्याला ती २० कोटींना पडेल. आणि ती तोवर तशीच राहिली तर! एकदा मुरमाची भर पडली, वर प्लॉट पडले, की ती जागा कितीही पैसे मोजले तरी तळं म्हणून परत मिळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : जे एकदा गेलं की परत येणार नाही त्यासाठीच कर्ज काढा, म्हणजे जमिनीसाठी. दुरुस्ती, राखणदार, जलपर्णी काढणं हा दरवर्षीचा खर्च आहे. तो दरवर्षीच्या अंदाजपत्रकातूनच व्हायला हवा. दहा वर्षांच्या कर्जातून जलपर्णी काढली, तर ती पुढच्याच पावसाळ्यानंतर परत येते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

केंद्राची थोडी मदतही असते. शहरांसाठीच्या केंद्राच्या पहिल्या अमृत योजनेत रोखे काढणाऱ्या शहराला दर १०० कोटींमागे १३ कोटी, जास्तीत जास्त २६ कोटी, प्रोत्साहन म्हणून मिळत होते. पुण्याला ते मिळाले.

६. अमेरिकेत लोक मतदान करून असे रोखे मंजूर करतात म्हणे. आपल्याकडे का नाही?

खरं आहे. न्यू जर्सीने १९६१ मध्ये ६ कोटी डॉलरच्या रोख्यांपासून मोकळ्या जमिनी विकत घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये ४२० कोटी डॉलरच्या पर्यावरण रोख्यांना मतदारांनी मान्यता दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने १,००० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. निवडणुकीच्या मतपत्रिकेवरच 'हे कर्ज काढावं का?' असा प्रश्न असतो.

आपल्याकडे अशी सोय नाही. महासभेचा ठराव आणि राज्याची मंजुरी हाच मार्ग आहे. आपल्या हातात आहे ते ठरावाआधी बोलणं : प्रभागात, नगरसेवकाकडे, अंदाजपत्रकाच्या सूचना मागवतात तेव्हा. तिथल्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मत देणाऱ्याला माहीत असतं की हा पैसा त्याच्याच करातून फिटणार आहे, आणि तरीही तो हो म्हणतो.

७. कायद्याने पाणथळ जागा म्हणजे काय? तिला संरक्षण कोणतं?

पाणथळ जागांचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. दलदल, तळं, साचलेलं किंवा वाहतं पाणी, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमचं किंवा हंगामी, हे सगळं व्याख्येत येतं. अधिसूचित जागेत भर टाकणं, अतिक्रमण, कारखाने, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, शिकार यांना मनाई आहे. मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकामही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उपग्रह नकाशांतल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांनाही तेव्हाच्या २०१० च्या नियमांतल्या अशाच तत्त्वांचं संरक्षण द्यायला सांगितलं.

राज्यात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही तीन रामसर स्थळं, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जागा, आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एकही नाही.

८. कास तलाव आणि मायणीचा तलाव पाणथळ जागांत येतात ना?

इथे भलेभले चुकतात. २०१७ च्या व्याख्येतून नदीपात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. कास तलाव सातारा शहराच्या पिण्यासाठी बांधलेला आहे. मायणी, नेर, राजेवाडी हे खटाव-माणमधले ब्रिटिशकालीन तलाव सिंचनासाठीचे आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण पोरांना पाणथळ जागा शिकवतो, तीच या नियमांच्या बाहेर पडू शकतात.

म्हणून ती उघड्यावर पडली असं मात्र नाही. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे. मायणीचा परिसर वन्यजीव कायद्याखाली संवर्धन राखीव आहे. अशा जागी पाणथळ नियमांपेक्षा या छत्र्या जास्त कामाच्या ठरतात. रोख्यांच्या प्रस्तावात चुकीच्या नियमाचा आधार घेतला तर प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत येतो.

९. ऊस आणि जास्तीच्या पाण्यामुळे आमचं वाळव्यातलं शेत पाणथळ झालंय, वर मीठ फुटतंय. त्यासाठी हा पैसा मिळेल का?

नाही, आणि मिळूही नये. शब्द एकच असला तरी दुखणं वेगळं आहे. तुमची जमीन क्षारपड झाली आहे, तिला निचरा हवा. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून पाणी चरात सोडावं लागतं. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच विषयावर काम करतं, तिथे जाऊन बोला. पाणथळ जागेत पाणी राहू द्यायचं असतं आणि तुमच्या शेतातून ते काढायचं असतं. फक्त निचऱ्याचं खारं पाणी गावतळ्यात सोडू नका, एवढी विनंती.

१०. खण खाजगी मालकीची आहे. महापालिका ती कशी घेणार?

विकास आराखड्यात जागेवर तलाव, उद्यान किंवा खुली जागा असं आरक्षण असेल, तर प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२६ नुसार तीन वाटा आहेत : सहमतीने पैसे देऊन, पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी जास्त बांधकाम करण्याचा, विकताही येणारा हक्क) देऊन, किंवा भूसंपादन करून. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो.

खरी मेख आहे कलम १२७ मध्ये. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप रद्द होतं. मालकावर मी अन्याय करणार नाही. दहा वर्षं त्याची जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हे बरोबर नाही. पण नोटीस आली त्या वर्षी तिजोरीत पैसा नसला तर तळं जातं. रोख्यांचा खरा उपयोग या २४ महिन्यांत आहे. अनुदानाचा प्रस्ताव वर जाऊन परत येईपर्यंत मुदत उलटते, हातातला पैसा उलटत नाही.

मालकाला विकायचीच नसेल तर? मग विकास हक्काचा पर्याय ठेवा. किंवा मालक आणि गाव दोघेही तयार असतील तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी खालचं समुदाय राखीव क्षेत्र, ज्यात मालकी मालकाकडेच राहते.

११. पूररेषेत बांधकामाला बंदी आहेच. मग विकत कशाला घ्यायची?

पुष्कळ ठिकाणी खरंच गरज नाही. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आतली कृष्णाकाठची मळीची, म्हणजे गाळाची, जमीन शेती म्हणून राहिली तर उत्तम. ऊस पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरतं. ती विकत घेणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

विकत घ्यावी लागतात ती पूररेषेबाहेरची लहान तळी आणि ओढ्यांची रुंद तोंडं. त्यांना रेषेचं संरक्षण नसतं. आमच्या भागातली एक खण बुजताना मी पाहिली आहे. रात्री अकरानंतर डंपर यायचे. सकाळी पाहिलं की पाण्यात तांबड्या मुरमाची जीभ आणखी पाच-सात फूट पुढे सरकलेली असायची, आणि तिच्या टोकावर ढोकरी आदल्या दिवशीच्याच जागी मासा शोधत उभी असायची. पाणकणसाची शेवटची रांग गाडली गेली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. त्या वर्षी मागच्या गल्लीतल्या तीन घरांत पहिल्यांदा पाणी शिरलं.

१२. तळी राखली तर सांगलीचा पूर थांबेल का?

थांबणार नाही. असं सांगून कुणी मत मागत असेल तर विश्वास ठेवू नका. १० हेक्टरचं, २ मीटर खोल तळं २० कोटी लिटर पाणी धरतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, आणि एकट्या कोयनेचा साठा १०५ टीएमसीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तो पूर तळ्यांनी अडवण्यातला नव्हता.

तळ्यांचा उपयोग दुसऱ्या पुराला होतो, जो दरवर्षी येतो आणि ज्याची बातमी होत नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी पात्रात असतानाही दोन तासांच्या पावसाने गुडघाभर पाणी साचतं. काळ्या मातीत ते मुरत नाही, वाहून जायला वाट नाही. या पाण्याला थांबायला जागा हवी आणि ती जागा म्हणजेच खण.

१३. म्हणजे सखल भागातली गुंठेवारीतली घरं पाडणार का?

नाही. ही भीती मनातून काढून टाका. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित झालेली वस्ती ही वस्तीच आहे. लोकांनी पै-पै साठवून गुंठा-दोन गुंठे घेतले, तेव्हा ही जागा पाण्याची आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रोख्यांचा पैसा अजून मोकळ्या असलेल्या जागांसाठी मागायचा, आणि त्यातून सगळ्यात आधी फायदा या घरांनाच व्हायला हवा.

१४. तलाव सुशोभीकरणासाठी हा पैसा वापरता येईल?

वापरू नये. चारी बाजूंनी उभी दगडी भिंत, वर फरशी, मधे कारंजं, रात्री दिवे, एवढं झालं की तळ्याचा हौद होतो. काठावरचे बरेच पक्षी खोल पाण्यात चरत नाहीत. शेकाट्या पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात चालतात, पाणकोंबडी कडेच्या लव्हाळ्यात घरटं करते. हा उथळ काठच पोकलेन पहिल्यांदा खरवडून काढतो. गाळ काढायचाच असेल तर मधला काढा, काठ उतरता ठेवा, आणि कामं उन्हाळ्यात संपवा.

चालायला वाट हवी हे मान्य आहे. एका बाजूने मातीची पायवाट करा, ती अंदाजपत्रकात बसते.

१५. पैसा दुसरीकडे वळवला तर?

रोख्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि त्याचा हिशेब वेळोवेळी बाजाराला कळवावा लागतो. हरित रोख्यांना सेबीचे आणखी कडक नियम आहेत : पैसा कुठे गेला, पर्यावरणावर काय परिणाम झाला, हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये १६,००० कोटींचे सार्वभौम हरित रोखे काढले. त्यांच्या चौकटीत नऊ प्रकारची कामं आहेत आणि जमिनीवरच्या व पाण्यातल्या जैवविविधतेचं संवर्धन हा त्यातला एक प्रकार आहे.

तरीही पळवाट असते, शब्दांत. प्रस्तावात 'तलाव विकास' असं मोघम लिहिलं असेल तर त्यात काहीही बसतं. म्हणून प्रस्तावात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि 'खरेदी' हा शब्द आहे का, ते वाचून घ्या.

१६. मी स्वतः असे रोखे घेऊ का? करमुक्त असतात ना?

सरसकट नसतात. सरकारने ज्यांना तशी अधिसूचना काढून सवलत दिली त्यांचंच व्याज करमुक्त. बरेच रोखे बँका, विमा कंपन्या अशा मोठ्या गुंतवणूकदारांनाच विकले जातात, इंदूरसारखी खुली विक्री कमी वेळा होते. घेण्याआधी पतमानांकन आणि परतफेडीच्या खात्याची तरतूद पाहा. आपल्या गावचं तळं आहे म्हणून म्हातारपणाची पुंजी त्यात घालू नका.

१७. रोखे निघायला वर्षं लागतील. आज काय करता येईल?

आधी तळं कागदावर आहे का ते पाहा. सातबाऱ्यावर पाण्याखालची जमीन अनेकदा 'पोटखराब' म्हणून नुसत्या क्षेत्राने नोंदलेली असते. 'ब' वर्गाचा पोटखराबा म्हणजे ओढे, रस्ते, सार्वजनिक उपयोगाची जमीन. शहरात असेल तर मालमत्ता पत्रक आणि विकास आराखड्याचा नकाशा काढा, आरक्षण कोणत्या वर्षीचं आहे ते पाहा आणि दहा वर्षं कधी भरतात ते लिहून ठेवा (प्रश्न १०). गावचं तळं किंवा गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल अर्जाला जोडा. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायचे आदेश त्यात राज्यांना दिले आहेत.

आणि पावसाळ्यात, पाणी भरलेलं असताना, चारही बाजूंनी तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये पाहणीला आलेल्या माणसाला तिथे फक्त भेगाळलेली जमीन दिसते, आणि तो 'पाणी आढळले नाही' असा शेरा मारून निघून जातो.